बोटं काळी पाचवर, सूर काळी तीनचा

दौलतभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरे. वडशातल्या एका नाट्यमंडळाच्या तालमीच्या खोलीत ते पायपेटीच्या मागे ओणवे झाले होते आणि पेटीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून एका उंदराशी बोलत होते. "माझ्या भात्याचं कापड खाऊन तुले काय भेटलं रे? तांदळाचं गाव आहे हे, तांदूळ खा ना." मी आणि माझे बाबा दारात उभे. गडचिरोलीकडच्या आमच्या जंगलातल्या गावाहून आम्ही पहाटेच्या एसटीने आलो होतो, मला नाटकात घेतात का हे विचारायला. बाबा खाकरले. भाऊंनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न केला तो हा, "जेवून आले का?"

आम्ही नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा डबा आमच्यापुढे सरकवला. आमचं जेवण होईपर्यंत गाण्याचा विषय काढला नाही. मग विचारलं, "पोरी, कोणत्या पट्टीत गाते?" पट्टी म्हणजे काय, मला कुठं ठाऊक! मी म्हटलं, "मी आईसोबत गाते." ते हसले नाहीत. म्हणाले, "मंग आईसोबत गाते तेच म्हण." मी आमच्या गोंडीतलं एक रेला गाणं म्हटलं. भाऊ डोळे मिटून एका बोटाने पेटीवर काहीतरी शोधत होते. बोट एका ठिकाणी थांबलं. "काळी पाच," ते म्हणाले. "ध्यानात ठेव बाई. कोणी विचारलं त हेच सांगजो."

पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून गाणाऱ्याचा सा कुठं बसतो ते सांगायची आपल्याकडे रीत आहे. काळी पाच म्हणजे बराच उंच आवाज. आईसोबत मोहफुलं वेचताना गाणाऱ्या मुलीचा आवाज उंच असतो हे मोजून सांगणारं पहिलं माणूस म्हणजे श्री. दौलतराव शेंडे. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं असं समितीने कळवलं, याबद्दल आभार. मी प्रमिला मडावी. झाडीपट्टीच्या नाटकांत गाणारी बाई. लिहायची सवय नाही आणि बोलायला मी फटकळ आहे, हे मंडळींना माहीत आहेच. तेव्हा इथं जे येईल ते सांभाळून घ्यावं. काही गोष्टी मात्र सांभाळून घेऊ नयेत, त्यासाठीच मी लिहायला बसले आहे.

भाऊंचं संगीताचं शिक्षण म्हणाल तर वडशातल्या त्यांच्या मोहल्ल्यातल्या विहारात झालं. त्यांचे वडील तिथल्या भजनमंडळात भीमगीते म्हणायचे. मंडळाची पेटी घरी राहायची, कारण घर विहाराला लागून होतं. वडील कामावर गेले की भाऊ पेटी काढत. पुढे त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि हिवाळ्याचे चार महिने नाटकाच्या पायपेटीवर बसू लागले. पावसाळ्यात रेडिओ, हिवाळ्यात पेटी. दोन्हीतलं त्यांचं काम एकच, असं ते सांगतात. खरखर कुठून येते ते शोधायचं.

ज्यांनी आपली नाटकं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत रंगमंच उभा राहतो. मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, निमित्ताने गावोगावचे पाहुणे जमतात आणि नाटक रात्रभर चालतं. वाजवणारी मंडळी रंगमंचाच्या पुढ्यात, प्रेक्षकांच्या आणि आमच्या मधल्या जागेत बसतात. तालमी पुऱ्या होतातच असं नाही. कुणी नट आज नागभीडला, उद्या गडचिरोलीला. कुणी वाजवणारा ऐनवेळी येऊन बसतो. अशा वेळी नवा वाजवणारा विचारत बसत नाही. तो पेटीवाल्याची बोटं पाहतो आणि त्याच पट्टीवर आपला हात ठेवतो. पेटीवाल्याच्या बोटांवर सगळ्यांचा इतका भरवसा. ही रीत लक्षात ठेवावी, पुढे ती कामाची आहे.

पायपेटी म्हणजे पायाने भाता मारायचा ऑर्गन, लाकडाचं धूड. टेम्पोत चढवायला चार माणसं लागायची. जंगलातल्या रस्त्यांनी तिचे सूर हलायचे, दवाने तिची लाकडं फुगायची, आणि उंदरांचं तर मी सांगितलंच. पन्नाशी उलटल्यावर भाऊंचे गुडघे भाता मारून मारून दुखायला लागले. त्या सुमारास ऑर्केस्ट्रावाले जुने कीबोर्ड मोडीत काढू लागले होते. कुणाचा स्पीकर गेलेला, कुणाच्या पडद्यावरचे आकडे पुसलेले. आवाज नाही म्हणून लोक ते टाकून देत. भाऊ तेच मागून आणत. "आवाज गेला त जाऊ द्या, पट्ट्या बोलून राह्यल्या ना," ते म्हणायचे. या जुन्या कीबोर्डांना मागे पाच छिद्रांची एक गोल खाच असते. तिथून वायर काढून संगणकाला जोडली की बोट इथं पडतं आणि आवाज संगणकातून निघतो. मग हव्या त्या वाद्याचा आवाज त्यात भरता येतो. हे त्यांना त्यांच्या मुलीने, उज्ज्वलाने, दाखवलं. ती गडचिरोलीला विज्ञान शिकवते. तिने एकदा दाखवलं, पुढचं सगळं भाऊंनी स्वतः केलं.

संगणकात ऑर्गनचे तयार आवाज होते. भाऊंनी दोन दिवस ऐकले आणि म्हणाले, "ह्यो चर्चमधला आहे. ह्यो सिनेमातला. वडशाचा ऑर्गन कुठी आहे?" आणि त्यांनी आपल्या पायपेटीचा एक-एक सूर स्वतः ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं. अडचण अशी की त्यांच्या घराशेजारी धान भरडायची गिरणी, समोर वेल्डिंगचं दुकान आणि वर घरातला पंखा. शांतता मिळायची कधी? तर लाइट गेली की. अवघं वडसा लोडशेडिंगच्या नावाने बोटं मोडायचं आणि हा एक माणूस लाइट जायची वाट पाहत बसायचा. दुपारी लाइट गेली की गिरणी बंद, वेल्डिंग बंद, आणि भाऊ पायपेटीवर. लॅपटॉप बॅटरीवर चालू. एक सूर धरायचा, विरेपर्यंत ऐकायचा, मग पुढचा. त्यांच्या पत्नी सुमनबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून थांबवायच्या. भाजीवाल्यालासुद्धा. एका सुरात शेजारचा कोंबडा आला. तो सूर पुन्हा घेतला, पुन्हा कोंबडा. तिसऱ्या दिवशी सुमनबाई शेजारणीला म्हणाल्या, "बाई, एक त कोंबडा कापा, नाई त मले विका." तो उन्हाळा त्यांनी असा काढला.

पुढच्या हिवाळ्यात भाऊ मांडीएवढ्या उंचीच्या टेबलावर दोन जुने कीबोर्ड एकावर एक ठेवून बसले. खालच्यातून भरदार सूर, वरच्यातून बारीक. पायाखाली आवाज कमी-जास्त करायची एक पट्टी. नांदी सुरू झाली आणि मी पडद्यामागे चमकले. तोच आमचा ऑर्गन. त्याचा तो किंचित घसा बसल्यासारखा मध्यमसुद्धा तसाच. माझ्या शेजारी उभा असलेला म्हातारा नट पाया पडला. कोणाच्या पडतोय, त्यालाही कळलं नसावं.

भाऊंचा एक नेम होता. गाणाऱ्याची चूक ते रंगमंचावर कधी उघडी पडू देत नसत. एका नटाला पदाचा अंतरा आठवेना. तो नुसता उभा. भाऊंनी जणू तिथं ऑर्गनचाच तुकडा आहे असं काही वाजवायला घेतलं, आणि तोवर प्रॉम्प्टरने ओळ पुरवली. लोकांनी त्या तुकड्याला टाळ्या दिल्या. नट विंगेत येऊन रडला. दुसऱ्या दिवशी त्याने आभार मानले तर भाऊ म्हणाले, "कोणता अंतरा? मले त काही आठवत नाई." खोटं बोलायला भाऊ फार तयार माणूस. मलाही हे उशिरा कळलं.

आता माझी गोष्ट. माझं नाव झालं ते काळी पाचवरच. मंडळाचा मालक पत्रकावर छापायचा, 'काळी पाचमध्ये गाणारी गायिका'. मला त्याचा माज होता. होता म्हणजे होता. आमच्याच मंडळातल्या एक ज्येष्ठ बाई वयोमानाने काळी तीनवर आल्या, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "काळी तीनवर आल्या म्हणजे आता आईच्या भूमिका करा." ते वाक्य मला आज गिळता येत नाही.

मग माझ्या गळ्यात गाठ आली. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल. गाता येईल का, हे मी विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटली. सहा महिने घरात गुणगुणलेसुद्धा नाही. घरात कमावणारी मी एकटी. मुलगी नर्सिंगला होती. हंगाम तोंडावर आला आणि मालकाचा निरोप आला की तालमीला या, नाहीतर दुसरी बाई पाहतो. त्याचंही बरोबर होतं. त्याने जाहिरात काळी पाचची केली होती.

मी वडशाला गेले आणि भाऊंसमोर उभी राहिले. तबल्यावर मनोहर होता, आमच्या मंडळाचा नेहमीचा तबलजी. भाऊंनी काळी पाचवर बोट ठेवलं. मी सा लावला. चढायला गेले आणि पंचमावर आवाज फाटला. मी पदर तोंडाला लावून बाहेर निघाले, तशी भाऊंनी मागून हाक मारली. "बाई, गळा थंडा आहे. चहा घे. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी गेले. भाऊंची बोटं काळी पाचवरच होती. आवाज पुन्हा फाटला, पण कालच्या एवढा नाही. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. पाचव्या दिवशी मी वरच्या सा पर्यंत जाऊन आले आणि खालीच बसले. मनोहर म्हणाला, "वा बाई, गळा खुलला." मी भाऊंच्या पाया पडले. डॉक्टरांच्या गोळ्यांचे, माझ्या आईने पाठवलेल्या काढ्याचे, आणि आमच्या गावाकडच्या देवाचे गुण गायले. भाऊ सगळ्याला मान हलवत होते. "काढा चांगला असते," म्हणाले.

तो हंगाम मी ऐटीत काढला. ऑपरेशननंतरही काळी पाच, असं मालकाने पत्रकावर छापलं, आणि मी ते पत्रक माहेरी पाठवलं. एवढंच लक्षात आलं होतं की हल्ली भाऊंच्या खालच्या कीबोर्डच्या बटनांवर कायम एक दुपट्टा पडलेला असतो. विचारलं तर म्हणाले, "बांधीतली धूळ बसते."

हंगाम संपत आलेला. नागभीडजवळच्या एका गावी प्रयोग होता. मालकाने नागपूरहून एक कीबोर्डवादक बोलावले होते, मोठ्या ऑर्केस्ट्रातले. दुसऱ्या अंकापासून वाजवायचं असं ठरलेलं. पण ते लवकर येऊन बसले, आणि माझं पहिलं पद सुरू झालं तेव्हा हात शिवशिवले असावेत. त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे भाऊंच्या बोटांकडे पाहिलं. बोटं काळी पाचवर. त्यांनीही काळी पाचवर हात ठेवला आणि दणक्यात साथ सुरू केली.

काय झालं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. दोन वाद्यं दोन घरांत आणि मधे मी. ऐकणाऱ्याला दात शिवशिवतील असा तो आवाज होता. मी भाऊंचा सूर धरू पाहत होते, नागपूरकर आणखी जोरात वाजवत होते, कारण त्यांच्या दृष्टीने तेच बरोबर होते. लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या. कुणीतरी ओरडलं, "बाईचा सूर गेला." तेवढं वाक्य माझ्या कानात पडलं आणि माझी ओळ तिथंच तुटली.

भाऊंनी वाजवणं थांबवलं. प्रॉम्प्टरसमोरचा माइक हातात घेऊन ते उभे राहिले आणि हजारो लोकांसमोर हात जोडले. "मंडळी, बाईचा सूर बरोबर आहे. हे पाहुणे पण बरोबर आहेत. बटन माझ्याच्यानं चुकीचं दबलं. बुढा झालो, माफी असावी." लोक हसले. "बुढ्याले घरी बसवा," असंही कुणी म्हणालं. भाऊ हसत खाली बसले, पाहुण्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, दुपट्ट्याखाली हात घातला, आणि पद पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पाहुण्यांनी हात मांडीवर ठेवले होते. टाळ्या मिळाल्या.

प्रयोग निभावला, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बटन चुकून दाबलं असेल, तर दुरुस्त केल्यावर सूर बदलायला हवा होता. माझ्या गळ्याला तर तो पहिल्याइतकाच सोपा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाऊंच्या घरी गेले. लाइट गेलेली, गिरणी बंद. कोपऱ्यात जुनी पायपेटी होती. मी तिच्यासमोर बसले, भाता मारला आणि काळी पाच दाबून सा लावला. पंचमावर फाटला. पहिल्या दिवशी फाटला होता तसाच. एक घर खाली आले, पांढरी सहा. मग काळी चार. मग पांढरी पाच. मग काळी तीन. काळी तीनवर माझा गळा वर-खाली सगळीकडे आरामात फिरला.

सुमनबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच परत आत गेल्या.

त्या जुन्या कीबोर्डांवर एक बटन असतं. ते दाबलं की बोटं तिथंच राहतात आणि सूर एक घर खाली सरकतो. भाऊंनी तालमीत रोज एक घर मला खाली आणलं होतं. मनोहर रोज गुपचूप तबला उतरवत होता. माझ्या पदाआधी बटन चार वेळा दाबायचं, पद झालं की परत जागेवर, आणि वरून दुपट्टा. वर्षानुवर्षं मी जिच्यावर मिरवत होते त्या काळी पाचवर फक्त त्यांची बोटं होती.

मी फार बोलले त्या दिवशी. माझी फसवणूक केली, मला लहान लेकरू समजलात, सगळ्या जिल्ह्यात माझं हसं होईल, असं काय काय. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुले सांगतलो असतो त तू गायली असती काय?"

मी पायपेटीचं झाकण लावलं. मग म्हटलं, "नाही."

"मंग?" एवढंच म्हणून त्यांनी चहासाठी आत हाक मारली.

माझं म्हणणं होतं की आता सगळ्यांना सांगून टाकावं. भाऊंनी अडवलं. "पोरीचं नर्सिंग होऊ दे. मालक पत्रक पाहते, गळा नाई पाहत. तुले काढून टाकन." मी थांबले. मुलीचं शिक्षण झालं. तिला नोकरी लागली. तरीही मी थांबलेलीच राहिले. पुढचं लिहायला मला हे सगळं आधी लिहावं लागलं.

नागभीडकडच्या त्या प्रसंगाची गोष्ट झाली. भाऊंना 'बटनबुवा' म्हणू लागले. जुने कीबोर्ड घेऊन बसतात, कुठलं बटन कुठं ते कळत नाही, कान गेला म्हाताऱ्याचा, असं वाजवणारी माणसंच सांगत फिरली. इतर मंडळांनी त्यांना बोलावणं बंद केलं. ज्यांनी स्वतःच्या पेटीचा एकेक सूर कोंबड्याशी भांडून मिळवला, त्यांचा कान गेला म्हणे. मला तर भाऊंशिवाय गाता येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या कुणी काळी पाच दिली असती तर मी उघडी पडले असते. म्हणून मी मालकाला बजावलं की ऑर्गनवर दौलतभाऊच हवेत. आणि लोक काय म्हणू लागले? प्रमिलाबाईंचं मन मोठं, म्हाताऱ्याला सांभाळून घेतात. एका सत्कारात तर एका पाहुण्यांनी हे भाषणात सांगितलं. भाऊ समोर बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून शाल घेतली.

सहा वर्षं ही शाल माझ्याकडे आहे.

या ग्रंथाच्या समितीने लेख मागवताना सुचवलं होतं की भाऊंचा तो 'बटनाचा गमतीदार किस्सा' कुणीतरी अवश्य लिहावा. म्हणून मी लिहिला. समितीचा काही दोष नाही, त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. आता खरं काय ते सगळ्यांना कळलं. त्या रात्री कुठलंही बटन चुकीचं दाबलं गेलं नव्हतं. दौलतराव शेंडे यांच्याकडून सुरात चूक झाल्याचं मी तीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. सूर माझा खाली आला होता. तो त्यांनी झाकला, आणि झाकताना स्वतःचं नाव खाली येऊ दिलं. ज्या ज्येष्ठ बाईंना मी आईच्या भूमिका करा म्हणाले होते, त्यांच्या घरी जाऊन मी मागच्या महिन्यात माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मले माहीत होतं. मले ऐकू येते ना." तरी त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या या रंगभूमीवर अशीही माणसं आहेत.

हा लेख समितीकडे द्यायच्या आधी मी वडशाला जाऊन भाऊंना वाचून दाखवला. उंदराच्या जागी हसले. कोंबड्याच्या जागी सुमनबाई म्हणाल्या, "दोन कोंबडे होते." पुढे वाचत गेले तसे भाऊ गंभीर झाले. शेवटी म्हणाले, "बाई, हे काढून टाक. लोक तुले बोलावणार नाईत."

मी म्हटलं, "भाऊ, सहा वर्षं लोक तुम्हाला बोलावत नाहीत."

"माझं काय, माझं वय झालं."

"माझंही झालं," मी म्हटलं. "यंदा पत्रकावर काही छापायचं नाही असं मालकाला सांगून आले. त्याला दुसरी बाई पाहायची असेल तर पाहू दे. पण तुमचा कान गेला असं कुणी म्हणालं तर मी बांधीत उतरून भांडेन."

भाऊंच्या समोर त्यांचा खालचा कीबोर्ड होता. त्यावरचा दुपट्टा उचलून त्यांनी घडी घातली, खांद्यावर टाकला, आणि विचारलं, "मंग आता बोटं कुठी ठेवू?"

"काळी तीनवर," मी म्हटलं.

त्यांनी ठेवली. आम्ही नांदी म्हटली. सुमनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

दौलतभाऊ पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो, कान आहेत तसेच राहोत, आणि सुमनबाईंचा सहवास त्यांना शेवटपर्यंत लाभो. धान निघाल्यावर पहिली मंडई भरेल तेव्हा ज्या वाजवणाऱ्याला यायचं असेल त्याने यावं, त्यांच्या शेजारी बसावं आणि बेलाशक त्यांच्या बोटांकडे पाहून वाजवावं. अशी पुष्कळ वर्षं त्यांना मिळोत. तोवर माझा आवाज आणखी खाली आला, तर तेही मी स्वतः सांगेन.